मनोलीचं बिऱ्हाड

भात कापून झालं, सोयाबीनची मळणी उरकली, की रब्बीच्या तयारीत पहिला विळा पडतो तो बांधावरच्या गवतावर. कुणी विळ्याने बांध तासतं, कुणी तणनाशक मारतं, कुणी सरळ काडी ओढून मोकळं होतं. ऊसपट्ट्यात याच सुमाराला गळीत हंगामाची लगबग सुरू होते. तोड झालेल्या फडातलं पाचट पेटवलं जातं आणि त्याच जाळात पाटाच्या कडेचं लव्हाळंही जातं. शेतकऱ्याच्या लेखी ही वर्षाची साफसफाई. पण नेमक्या याच दिवसांत त्या गवतात, जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, गवताच्याच पात्यांनी विणलेल्या एखाद्या गोळ्यात लाल मनोलीची अंडी नाहीतर पिल्लं असू शकतात.

मनोली, म्हणजे आपल्या ओळखीची मुनिया. हिच्या संसाराचं वेळापत्रक गवत ठरवतं. जूनमध्ये गवत उगवतं, श्रावण-भाद्रपदात निसवतं, आणि त्यानंतर दाणा चिकात येतो. तो मऊ दाणा आणि सोबत बारीकसारीक किडे एवढ्यावर पिल्लं वाढवायची, तर घरटं पावसाच्या सुरुवातीला बांधून उपयोग नाही. म्हणून हिची वीण पावसाळ्यात सुरू होऊन पार हिवाळ्याच्या तोंडापर्यंत लांबते. सुगरणीची पिल्लं उडून जातात तेव्हा मनोलीच्या घरट्यात कधी कधी अजून पाच-सहा पांढरीशुभ्र अंडी उबवली जात असतात. दिवाळीच्या सुट्टीत शेतावर गेलेल्या माणसाला बांधावर लाल ठिपका चमकून गेल्यासारखा वाटतो, तो बहुधा लाल मनोलीचा नर असतो.

अमांडावा या प्रजातीत जगभरात मिळून तीनच जाती आहेत. लाल मनोली पाकिस्तानपासून भारत, नेपाळ, बांगलादेश, म्यानमार करत थेट जावा-बालीच्या पलीकडच्या बेटांपर्यंत आढळते. हिरवी मनोली फक्त भारतात. तिसरी जात आफ्रिकेतली, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला. तिघीही गवताच्या, तिघींच्या चोची तांबड्या आणि तिघींनाही माणसाने शतकानुशतकं पिंजऱ्यात घातलं. पण आज तिघींची अवस्था एकसारखी नाही. एकच हौस, एकच जाळं, तरी एक जात परमुलखात रुजली आणि दुसरी स्वतःच्या देशात तुरळक होत गेली. असं का झालं, याचं उत्तर पिंजऱ्यात शोधून पूर्ण मिळत नाही. अर्धं उत्तर गवतात आहे.

जवळून पाहिलं तर

लाल मनोली चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर भरते. वजन सात ते दहा ग्रॅम, म्हणजे खिशातल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढं. विणीच्या काळातला नर किरमिजी लाल, अंगभर पांढरे ठिपके, पंख तपकिरी, शेपूट काळी. मादी साधी, मातकट. तिच्या पंखांवर मोजके ठिपके असतात आणि शेपटीच्या बुडाशी लाली. ही बुडाची लाली दोघांनाही बारा महिने असते. त्यामुळे नर ‘उतरलेला’ असतानाही थव्यातली मनोली ओळखता येते.

नर ‘उतरतो’ म्हणजे विणीनंतर पिसं झडतात आणि तो मादीसारखा मातकट होतो. बदकांमध्ये हे सर्रास दिसतं. पण मनोली ज्या एस्ट्रिल्डिडी कुळातली आहे, त्या सुमारे १४० जातींच्या कुळात असा हंगामी पोशाख बदलणारी ही एकटीच मानली जाते. आधी वर्दी देते ती चोच. मे महिन्यात ती लाल व्हायला लागते, नोव्हेंबर-डिसेंबरकडे रंग गडद होतो, आणि एप्रिलमध्ये झपाट्याने काळी पडते. हे चक्र दिवसाच्या लांबीशी बांधलेलं आहे. बनारस हिंदू विद्यापीठात जे. पी. थपलियाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्याच्या संप्रेरकांवर वर्षानुवर्षं काम केलं. मनोलीच्या पिसाऱ्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९६१मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. बाजारात चार पैशांना मिळणारा पक्षी प्रयोगशाळेत असा मानाने बसला.

घरटं पाहण्यासारखं असतं. बाहेरून गवताच्या रुंद पात्यांचा ओबडधोबड चेंडू, बाजूला एक भोक, आत बारीक तुसाचं आणि पिसांचं अस्तर. झुडपाच्या बुडख्यात किंवा दाट गवतात ते इतकं मिसळून जातं की हातभर अंतरावरून नजर चुकते. जोडी जमवताना नर चोचीत काडी किंवा पीस धरून मादीपुढे वाकून वाकून नाचतो. अंडी दोघं मिळून उबवतात. पिल्लांनी आ वासला की टाळूवरचे काळे ठिपके दिसतात. घरट्याच्या अंधारात आईबापांना घास नेमका कुठे घालायचा, ते या खुणांनी कळतं.

या पक्ष्याला एकटं राहणं जमत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मनोल्यांवर जॉन स्पार्क्स यांनी अभ्यास केला, आणि १९६४मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी दाखवलं, की विसाव्याच्या वेळी हे पक्षी फांदीवर एकमेकांना खेटून रांग लावतात. एक मान वाकडी करून गळ्याची पिसं फुलवतो, शेजारचा ती चोचीने विंचरून देतो. मधल्या जागेसाठी धक्काबुक्कीही होते. कडेचा पक्षी रांगेवरून उडी मारून आत घुसायला बघतो, कारण कडेला ऊब एकाच बाजूने मिळते. बघायला हे गोड वाटतं. पण हीच खेटून राहण्याची ओढ फासेवाल्याच्या पथ्यावर पडते. जाळ्याशेजारी पिंजऱ्यात दोन-चार पक्षी ठेवले, की त्यांच्या चिवचिवाटावर रानातला थवा आपण होऊन खाली उतरतो.

सुरतेचा डॉक्टर आणि पन्नास पक्ष्यांचा पिंजरा

जॉन फ्रायर हे नाव मराठी वाचकाला अनोळखी नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा हा डॉक्टर १६७३मध्ये हिंदुस्थानात आला. शिवराज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेलेल्या हेन्री ऑक्झेंडनच्या वकिलातीचा वृत्तांत त्याच्याच ग्रंथात येतो, आणि जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून तो स्वतःही घाट चढून गेला होता. १६९८मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात सुरतेच्या बाजारपेठेचं वर्णन करताना तो अहमदाबादहून येणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांची नोंद करतो. लाल-पांढऱ्या ठिपक्यांचे, एका पिंजऱ्यात पन्नास-पन्नास कोंबलेले. त्यातला एक सूर लावतो आणि बाकीचे साथ करतात, असं तो लिहितो. अहमदाबादचं नाव या पक्ष्याला युरोपात तिथूनच चिकटलं आणि पुढे १७५८मध्ये लिनियसने त्याचं शास्त्रीय बारसं केलं तेव्हा तेही त्याच नावाने.

म्हणजे जहाजांतून मसाला, कापड आणि नीळ जात होती तेव्हा ही मनोलीही जात होती. तीनशे वर्षं ती जातच राहिली. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात युरोपात फिंच पाळायची हौस वाढली, तसा मध्य आणि उत्तर भारतातल्या गवताळ पट्ट्यांत मुनियांचा धंदा बसला. मीरशिकार, बहेलिया अशा पिढीजात पक्षी धरणाऱ्या समाजांकडून माल व्यापाऱ्याकडे, तिथून मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांत, आणि पुढच्या काळात विमानाने परदेशी. वाटेत किती मरायचे याचा हिशेब कुणी ठेवत नसे, कारण पक्षी इतका स्वस्त होता की मेलेल्याचा तोटा कुणालाच जाणवत नसे. जे पोचत, त्यांचाही रंग टिकत नसे. निकृष्ट खाण्यावर ठेवलेला नर पुढच्या पिसांत काळसर होतो, ही तक्रार पाळणाऱ्यांमध्ये जुनीच आहे.

पिंजरे उघडे राहिले, फुटले किंवा मुद्दाम रिकामे केले गेले, आणि लाल मनोलीने परमुलखात बस्तान बसवलं. हवाई, फिजी, इजिप्त, इटली, पोर्तुगाल, जपान अशा कितीतरी ठिकाणी ती आज मोकळी आढळते. त्यात स्पेनची कहाणी सांगण्यासारखी आहे. नैर्ऋत्य स्पेनचा एक्स्ट्रेमादुरा हा मूळचा कोरडा, उन्हाने करपलेला प्रांत. १९५२मध्ये तिथे बादाखोस योजना आली. ग्वादियाना नदीवर धरणं झाली, कालवे निघाले, मका आणि भाताची शेती उभी राहिली. कालव्याच्या कडेला बोरू आणि पाणकणीस माजलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे मोकळ्या लाल मनोल्या दिसायला लागल्या आणि बघता बघता त्या तिथल्याच झाल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की तिथले मूळचे पक्षी वसंतात वीण करतात आणि ही पाहुणी मात्र उन्हाळा सरता सरता, शरदात घरटी बांधते. देश बदलला, पावसाचा हंगाम बदलला, तरी हिने आपलं पंचांग सोडलं नाही. तिला हवं होतं ते फक्त पाण्याच्या कडेचं, कुणी न तासलेलं, दाण्यावर आलेलं गवत.

नीराकाठ, प्रवराकाठ, कृष्णाकाठ इथल्या कालवापट्ट्यातही तिला हेच मिळत आलंय. पाटाचं पाणी, चारीच्या कडेचं लव्हाळं, शेजारी उसाचा आडोसा. मुंबईत भांडुपच्या पंपिंग स्टेशनजवळचं गवत आणि उरणच्या पाणथळ जागा या पक्ष्यासाठी पक्षिनिरीक्षकांत प्रसिद्ध आहेत. शहराच्या सांडपाण्यावर वाढलेलं गवतही तिला चालतं. लाल मनोली टिकली ती पिंजऱ्यातून सुटली म्हणून नव्हे. सुटल्यावर उतरायला गवत होतं, म्हणून ती टिकली.

हिरवीचं दुखणं

हिरव्या मनोलीच्या वाट्याला हे आलं नाही. पाठीवर शेवाळी हिरवी, पोटाला पिवळी, कुशीवर गडद-पांढऱ्या आडव्या पट्ट्या आणि वर लाखेसारखी लाल चोच. जॉन लॅथमने १७९०मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा ‘सुंदर’ अशा अर्थाचं नाव दिलं. जगात इतरत्र कुठेही ती मूळची नाही. लाहोरच्या आसपास तिची एक वस्ती झाल्याची नोंद आहे, तीही पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांची. दक्षिण राजस्थानापासून मध्य भारताच्या पट्ट्यात तिचं राहणं, पण सलग नाही. इथे थोडी, मग मैलोन्‌मैल काहीच नाही. महाराष्ट्रात मेळघाटाच्या बाजूला तिच्या नोंदी आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ती ‘असुरक्षित’ वर्गात येते आणि वन्यजीव व्यापाराचं नियमन करणाऱ्या ‘सायटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश आहे.

आज हिरवी मनोली बघायची तर पक्षिनिरीक्षक राजस्थानातल्या माउंट अबूचा रस्ता धरतात. गुरुशिखराची उंची १,७२२ मीटर. त्याच्या अलीकडे अचलगड आणि ओरिया या गावांच्या अवतीभोवती ती हमखास दिसते. दाट जंगलात शिरावं लागत नाही, हे नवख्याला चमत्कारिक वाटतं. ती असते गावालगत. दगडी बांधांची छोटी शेतं, कडेला थोर आणि घाणेरीची कुंपणं, पडीक तुकड्यात वाढलेलं गवत, पाण्याची एखादी कुंडी. थवा घाणेरीत शिरला की दिसेनासा होतो आणि बारीक आवाजावरून तेवढा माग लागतो. अभयारण्याची हद्द एका बाजूला आणि मनोलीचा खरा वावर दुसऱ्या बाजूला, माणसाच्या शेतात. उद्या कुंपणाच्या जागी काँक्रीटची भिंत आली आणि पडीक तुकड्यावर हॉटेल उभं राहिलं, तर अभयारण्याच्या नकाशावर काहीच बदलणार नाही. मनोली मात्र जाईल.

बाजाराने हिच्यावर घाव घातला तो दुर्मीळपणाच्या भावाने. लाल मनोली ढिगाने विकली जाई, हिरवीला चांगली किंमत मिळे. रजत भार्गव यांनी १९९०च्या दशकात मुनियांच्या धंद्याचा, त्यातही हिरवीच्या व्यापाराचा, खास अभ्यास केला. अबरार अहमद यांनी ‘ट्रॅफिक इंडिया’ या वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेसाठी देशभरचे पक्षिबाजार पालथे घातले. भारतातल्या सुमारे १,३०० जातींपैकी साडेचारशेच्या आसपास जाती कधी ना कधी विक्रीला आल्याचं या कामातून पुढे आलं. मुनिया त्यात नेहमीच्या मानकरी. लालचा मुलूख एवढा पसरलेला, की एका गावचा थवा उपसला तरी शेजारच्या चारीतून दुसरा येतो. हिरवीच्या विखुरलेल्या वस्त्यांना ही सोय नाही. एक ठिकाण रिकामं झालं की ते रिकामंच राहतं, कारण मधल्या मुलखात ती नाहीच.

आफ्रिकेतली तिसरी जात इथे उदाहरणाला चांगली आहे. नारिंगी-पिवळ्या पोटाची, डोळ्यांवर लाल भुवई असलेली ही मनोली पुष्कळदा स्वतः घरटं बांधतच नाही. बिशप आणि सुगरणींसारख्या पक्ष्यांनी सोडून दिलेल्या जुन्या घरट्यांत ती अस्तर घालून राहते. म्हणजे तिला नुसतं गवत पुरत नाही, गवतातले शेजारीही लागतात. एखाद्या पाणथळातलं बोरू कापलं, की आधी बिशप जातो आणि मागोमाग त्याच्या जुन्या घरावर अवलंबून असलेली मनोली.

कायद्याला पक्षी दिसतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यातल्या तरतुदी कडक होत जाऊन १९९०-९१पासून देशी रानपक्षी पकडणं, विकणं, निर्यात करणं यांवर सरसकट बंदी आली. तिचा परिणाम झाला. उघड निर्यात थांबली. पण बाजार आटला नाही, त्याने वेष बदलला. परदेशी फिंच पाळणं कायद्यात बसतं, म्हणून त्यांच्याच पिंजऱ्यांच्या रांगेत देशी मुनिया घुसवल्या जातात. साध्या मातकट मुनियांना पोपटी, गुलाबी, पिवळ्या रंगात बुचकळून ‘विदेशी’ म्हणून विकण्याची युक्ती तर जुनी आहे. पोरांच्या हट्टाखातर घेतलेला तो पक्षी पहिल्या आंघोळीला मूळ रंगावर येतो, किंवा त्याआधीच मरतो. कुणी पुण्य म्हणून पिंजरा विकत घेऊन पक्षी सोडून देतो. त्या पुण्याचे पैसे पुढच्या जाळ्याला लागतात.

छाप्यात जप्त झालेले पक्षी सोडायचे कुठे, हा खरा प्रश्न. वन विभागाच्या हाती मुद्देमालाचा पिंजरा असतो आणि समोर लागवडीची रोपवाटिका, तलावाभोवतीची फरसबंदी नाहीतर ताजा नांगरलेला माळ. मनोलीला पिंजऱ्याबाहेर काढणं कायद्याला जमतं. तिला गवत देणं कायद्याच्या कक्षेत नाही. आपल्या दफ्तरात गवताची नोंद नेहमी कशाच्या तरी अभावाची असते. सातबाऱ्यावर बांध आणि ओघळ पोटखराबात जातात, देशपातळीवरच्या नकाशांत झुडपी माळ पडीक जमिनीत मोजला जातो, आणि शहरात नदीकाठचं पाणकणीस ‘अस्वच्छता’ ठरतं. जे पडीक, ते सुधारायचं असतं. सुधारणा म्हणजे झाडं लावणं, भिंत घालणं किंवा सपाट करणं.

शेतकऱ्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. बांधावर गवत माजलं की उंदीर होतात, पावसाळ्यात गोगलगायी लपतात, तणाचं बी शेतात उतरतं. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून फवारणी. पाचट जाळू नका, कुजवा, असं कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतंय आणि जिथे खोडवा ठेवणाऱ्याला त्याचा फायदा दिसला तिथे ते रुजलंही. हौशी पक्षिप्रेमीने शहरातून येऊन ‘गवत राखा’ म्हणावं, एवढं हे सोपं नाही. त्यातून आता कॅमेरेवाल्यांचा नवा त्रास आहे. घरट्याचा फोटो नीट यावा म्हणून भोवतालचं गवत बाजूला सारलं जातं आणि ते गेल्यावर उघड्या पडलेल्या घरट्यावर कावळा, भारद्वाज किंवा सरडा ताव मारतो.

तरीही इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. वैरणीचं चांगलं गवत, पवना असो की मारवेल, शहाणा शेतकरी फुलोऱ्यातच कापतो, कारण दाणा धरल्यावर त्यातला कस जातो. मनोलीला घरट्यासाठी लागतं ते जाड्याभरड्या पात्यांचं दाट गवत, लव्हाळं आणि बोरू, ज्याला जनावर तोंड लावत नाही. म्हणजे वैरण आणि मनोली यांच्यात भांडण नाही. भांडण आहे ते सफाईच्या घाईशी. चारीच्या दोन्ही काठांऐवजी यंदा एक, पुढच्या वर्षी दुसरा साफ करायचा. बांध तासायचा तो दिवाळीच्या आसपास न तासता, पिल्लं उडाल्यावर डिसेंबरात. आणि काडी लावायची नाही. यात खर्च काही नाही, सवय तेवढी मोडावी लागते.

गवत राखणं हे काम कुणी करायचं, याचंही एक उत्तर विदर्भात मिळतं. अकोला-वाशीम भागात तणमोर या पक्ष्यासाठी माळ राखण्याच्या कामात फासेपारधी कुटुंबं उतरली आहेत. ज्यांच्या आजोबांनी गवतात फासे लावले, त्यांना कोणतं गवत कधी निसवतं, कोणता पक्षी कुठे बसतो, हे आपल्या कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा जास्त ठाऊक आहे. चराईला आळा घातला, वणवा अडवला, की दोन-तीन पावसांत माळ भरून येतो आणि त्याच्या मागोमाग पक्षी येतात. कायद्याने या समाजाचा धंदा काढून घेतला तेव्हा त्यांच्या हाताला दुसरं काम दिलं नव्हतं. ते काम गवतातच होतं.

लाल मनोली चिवट आहे. तिला बांधावर चार-सहा आठवड्यांची मुदत दिली तरी ती आपलं बघून घेते. हिरवीचा प्रश्न एवढ्यावर भागणारा नाही. तिच्या विणीचा मुख्य काळ ऑक्टोबर ते जानेवारी. म्हणजे नेमका कापणी, जाळणी आणि पर्यटनाच्या गर्दीचा. तिच्या उरलेल्या वस्त्या आणि त्यांच्या मधली गवताची तुटलेली साखळी या दोन्ही गोष्टी एकदम हाती घ्याव्या लागतील. आणि तेही गाव, ग्रामपंचायत आणि वन विभाग एकत्र बसल्याशिवाय होणार नाही, कारण ती ज्या जमिनीवर राहते ती यांपैकी कुणा एकाची नाही.